डावीकडचं पाऊल

१

निवृत्त माणसानं एखादा छंद लावून घ्यावा, असा सल्ला देणारे सगळे अजून नोकरीत असतात. मला छंद नव्हता. मला काम होतं, आणि ते बायकोनं नेमून दिलेलं असल्यामुळे त्यात दिरंगाईला वाव नव्हता.

तिची दृष्टी हळूहळू गेली. आधी सुईचं नेढं दिसेना, मग वर्तमानपत्राचे मथळे, मग माझा चेहरा. "हे शेवटचं काही मोठं नुकसान नाही," असं ती डॉक्टरांसमोर म्हणाली आणि डॉक्टर हसले, त्यामुळे मलाही हसावं लागलं. दिसेनासं झाल्यावरही ती माझ्याबरोबर रोज कालव्याकाठी फिरायला यायची. मग गेल्या हिवाळ्यात जिन्यावरून घसरली. उजवा घोटा दुखावला. घोटा बरा झाला, ती झाली नाही. दार, व्हरांडा, फाटक यांपैकी कशाच्याही पलीकडे तिनं पाऊल टाकलं नाही. दिवसभर खिडकीपाशी खुर्चीत. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "अशाच बसून राहिल्या तर पाय चालायचं विसरतील." मी ते ऐकून घेतलं आणि मनातल्या मनात नामंजूर केलं.

"बाहेर काय चाललंय ते तरी सांगा," ती म्हणायची. मी सांगायचो. पण उभी नोकरी टिपणं लिहिण्यात गेलेली. "कालव्याचा रस्ता पूर्ववत. रहदारी मध्यम. पुलाच्या कठड्याला नवीन रंग दिल्याचं निदर्शनास आलं."

"अहो, मला अहवाल नकोय. रस्ता हवाय."

मग मी मोबाइलवर रस्ता टिपून आणला. तिनं ऐकला आणि यंत्र माझ्या हातात परत दिलं.

"सगळं डब्यात कोंबल्यासारखं वाटतंय. सायकल कुठून आली, कुठं गेली, काही कळत नाही. मला दोन कान आहेत. डोळे गेलेत, कान नाही."

तिचं म्हणणं रास्त होतं. दोन कानांसाठी दोन कानांचा माइक हवा. खिशात मावेल असा, हातात धरून चालता येईल असा. रस्ता तिच्या कानात नीट उभा राहिला, तर एक दिवस तीच म्हणेल, "चला, मलाही यायचंय." माझा बेत एवढाच होता.

२

आमच्या कोपऱ्यावरच्या दुकानदाराला सगळे भोंगेवाला म्हणतात. भोंगे भाड्यानं देण्याचे दिवस मागे पडले, पण नाव चिकटलं. हल्ली तो माइक, तारा आणि सल्ले विकतो.

"काका, छोटा स्टिरिओ माइक घेताना तीन गोष्टी बघायच्या," तो म्हणाला. "एक, माइकचा स्वतःचा सळसळाट किती. शांत जागी काही माइक स्वतःच बोलतात."

"आमचे साहेब तसेच होते."

"दोन, हातात धरल्यावर हाताची खरखर किती येते. तीन, रुंदी. म्हणजे डावं-उजवं किती लांबपर्यंत ऐकतो. अरुंद असेल तर सगळे आवाज मधोमध गोळा होतात. फार रुंद असेल तर मध्ये भोक पडतं."

"आणि वारा?"

"वाऱ्यासाठी ही केसाळ टोपी." त्यानं मांजराच्या पिलासारखं काहीतरी काउंटरवर ठेवलं. "तिन्ही प्रकार घरी नेऊन बघा. पसंत पडेल तो ठेवा, बाकीचे परत."

पहिला माइक आगपेटीएवढा होता, मोबाइललाच खोचायचा. दुसऱ्या दिवशी सकाळी मी तो घेऊन कालव्यावर गेलो. घर ते पूल आणि पूल ते घर. काठाच्या रस्त्यावर डाव्या बाजूला लोखंडी गजांचा कठडा आणि पलीकडे पाणी. मी नेहमीप्रमाणे चाललो.

परत आल्यावर हिच्या कानांवर हेडफोन चढवले. पहिल्यांदा तिच्या कपाळावरच्या आठ्या गेल्या. मग मान सायकलीबरोबर डावीकडून उजवीकडे फिरली. मला काय वाटलं ते मी लिहीत नाही. कारकुनाला शोभत नाही.

"पूल आला," ती म्हणाली. "खालून पाणी जातंय. वा." मग थोड्या वेळानं, "बरोबर कोण होतं?"

"कोणी नाही."

"डावीकडे. तुमच्या अगदी लगत."

मी ऐकलं. डाव्या कानात काहीतरी घासत होतं. कपड्याला कपडा लागावा तसं. एका लयीत.

"माझीच बाही," मी म्हणालो. "किंवा हाताची खरखर. भोंगेवाल्यानं सांगितलंच होतं."

"तुमची बाही उजवीकडे असेल. माइक उजव्या हातात धरता ना?"

आंधळ्या माणसाशी वाद घालताना एक अडचण असते. त्याला ऐकू आलेलं आपण नाकारू शकत नाही.

३

दुसरा माइक वजनदार निघाला. जाळीखाली दोन छोट्या कुप्या, एकीवर एक तिरकी, हाताची घडी घातल्यासारखी. भोंगेवाल्यानं तो एका आखूड दांडीवर बसवून दिला, म्हणजे हाताची खरखर माइकपर्यंत पोचू नये. केसाळ टोपी घातली. मी अर्ध्या बाह्यांचा शर्ट घातला. बाहीचा प्रश्नच मिटवून टाकला.

या वेळी घासणं नव्हतं. पावलं होती.

माझी पावलं मधोमध, बूट असल्यामुळे ठसठशीत. आणि डावीकडे, माझ्याहून हलकी, दुसरी. मी थांबलो तिथं तीही थांबत. मी वळलो तिथं वळत.

मी तर्क मांडला. प्रतिध्वनी. मग तर्क तपासायला पुन्हा गेलो. प्रतिध्वनीला भिंत लागते. इथं मोकळे गज आणि पाणी. माझ्या आणि कठड्याच्या मध्ये एक माणूस चालेल एवढी जागा, आणि तिथं फक्त पडलेली पानं. परत येताना मी मुद्दाम गल्लीतून आलो, शाळेच्या भिंतीला डावा खांदा घासत. शेजाऱ्यानं हटकलं, "काय हो, चक्कर येतेय का?" मी म्हणालो, "भिंत तपासतोय." निवृत्तीचा एवढा फायदा आहे, कुणी पुढं विचारत नाही.

घरी ऐकलं. भिंतीलगत चाललो तेवढा वेळ डावा कान मोकळा होता. शाळेचं फाटक आलं, भिंत संपली, आणि त्या मोकळ्या जागेतून पावलं पुन्हा माझ्या शेजारी आली. घाई नव्हती त्यांना. वाट पाहत थांबलेल्या माणसासारखी आली.

मी हेडफोन काढून टेबलावर ठेवले. मला भीती वाटायचं कारण नव्हतं. आमच्या खात्यात भीतीलासुद्धा योग्य मार्गे यावं लागायचं, आणि मला अजून कुणी काही लेखी कळवलेलं नव्हतं.

४

बायकोला मात्र रेकॉर्डिंगची गोडी लागली. जेवतानाही हेडफोन. मुलीचा फोन आला की म्हणायची, "नंतर बोलू गं, मी पुलावर आहे." मुलगी मला म्हणाली, "बाबा, हे तुम्ही काय खूळ लावून दिलंय आईला?" मी म्हणालो, "चालायचं खूळ. परिणाम यायला थोडा वेळ लागतोय."

परिणाम आला, पण उलटा.

एका दुपारी ती म्हणाली, "अहो, ही चाल ऐका. उजवं पाऊल किंचित ओढल्यासारखं पडतंय. एक टेकलं की दुसरं घासत येतं."

"हं."

"ही माझी चाल आहे."

ते मलाही आदल्या दिवशी कळलं होतं आणि मी ते प्रलंबित ठेवलं होतं.

"पण अशी चाल माझी घोट्यानंतरची," ती पुढं म्हणाली. "खुर्ची ते न्हाणीघर, न्हाणीघर ते पलंग. या घराबाहेर ती कुणी ऐकलेलीच नाही."

"म्हणजे ती तुझी नाहीच. तुझ्यासारखी आहे. जगात लंगडी माणसं पुष्कळ."

"थांबा." तिनं हात वर केला. हेडफोनमधून आवाज माझ्यापर्यंतही पोचला. कुणीतरी खाकरलं. कोरडं, अर्धवट, बोलायच्या आधी घसा मोकळा करावा तसं. ते खाकरणं मी संसारभर ऐकत आलोय. त्यानंतर नेहमी माझी एखादी चूक दाखवली जाते.

ती हसेल असं मला वाटलं. ती हसली नाही. खुर्चीत मागे रेलून शांतपणे म्हणाली, "मग आता मला बाहेर पडायची गरज काय? मी जातेच आहे की तुमच्याबरोबर. बरी चालते सुद्धा."

तिच्या आवाजात कुरकुर नव्हती. त्या घरात मला आयुष्यात पहिल्यांदा कुरकुर हवी होती.

"ती तू नाहीस," मी म्हणालो. "तू इथं बसली आहेस आणि तुझा चहा गार होतोय."

"होऊ दे," ती म्हणाली, आणि आवाज वाढवला.

५

तिसऱ्या माइकचा गुण असा, की त्याची रुंदी बटण फिरवून कमी-जास्त करता येते. रस्त्यावर नेण्याआधी मी तो घरातच तपासायचा ठरवला. भर दुपार होती, खिडकीतून ऊन थेट टेबलावर. माइक टेबलाच्या मधोमध, मी उजवीकडे, ती डावीकडे.

"काहीतरी बोल," मी म्हणालो.

"काय बोलू? तुमच्याशी काही बोलायचं शिल्लक आहे का?"

"असंच. चालू ठेव."

ती बोलली. दूधवाल्याबद्दल, मुलीच्या नव्या घराच्या गळक्या नळाबद्दल, माझ्या घोरण्याबद्दल. मी मधूनमधून उत्तरं दिली. मग बटण दाबून थांबवलं आणि ऐकायला घेतलं.

उजव्या कानात मी होतो. "हो." "तो नळ मी बघितलाय." "मी घोरत नाही, जोरात श्वास घेतो." मध्ये लांबलचक मोकळ्या जागा. घड्याळ ऐकू येत होतं. खिडकीबाहेरचा पक्षी ऐकू येत होता. डावीकडे ती बसली होती तिथं खुर्चीची करकरसुद्धा नव्हती. एक म्हातारा माणूस रिकाम्या खोलीत कुणाला तरी उत्तरं देत होता.

"काय आलं?" तिनं विचारलं.

"माइक बिघडलाय."

"ऐकवा."

"अगं, डावी बाजू गेलीय. परत करतो."

"ऐकवा म्हणते ना."

तिनं शेवटपर्यंत ऐकलं. मग हात लांब करून टेबल चाचपडलं, माइक सापडला, मला टिपायचं बटण दाबायला लावलं, आणि त्याच्या डाव्या अंगाला नखानं तीनदा वाजवलं. "आता परत लावा."

ते वाजवणं स्वच्छ आलं. डावीकडे, जिथं यायला हवं तिथं. नखाचा आवाज माइकला मान्य होता. बाई मान्य नव्हती.

तिनं हेडफोन काढले आणि दोन्ही हात मांडीवर एकमेकांत घट्ट धरून बसली. आहेत ना, हे बघत असल्यासारखी.

६

भोंगेवाल्यानं माइक उलटासुलटा करून तपासला. "दोन्ही बाजू उत्तम आहेत, काका. असा स्वच्छ नग शोधून मिळणार नाही."

"खात्री आहे?"

"तुमच्यासमोरच वाजवला की." मग त्यानं जरा संकोचून विचारलं, "एक बोलू का? राग मानू नका. तुम्ही दुकानात येता-जाता मी काचेतून बघतो. डावा हात असा का धरता? पक्षाघाताचं वगैरे काही दाखवून घेतलंय का?"

मी काचेत पाहिलं. माझं डावं कोपर शरीरापासून वेगळं, वाकवून बाहेर काढलेलं. कुणीतरी त्यात हात अडकवावा असं. आणि मी स्वतः उजवीकडे सरकून उभा. शेजारी एका माणसाची जागा सोडून.

दिसेनासं झाल्यापासून ती तिथंच हात घालून चालायची. हात रिकामा झाला, सवय राहिली. एवढे दिवस मी कालव्यावर, गल्लीत, बाजारात ही जागा धरून हिंडत होतो. जागा रिकामी आहे, असं येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवत.

मी हात खाली केला. दुकानाच्या पायऱ्या उतरेपर्यंत तो परत वर आला होता. मी तो उचलला नाही, असं मी म्हणणार नाही. उचलला, असंही म्हणणार नाही.

उलट फिरून दुकानात गेलो. "हाच माइक घेतो."

"पण बिघडलाय म्हणत होतात ना?"

"माइकचा काही दोष नाही. तो कोण आहे आणि कोण नाही एवढंच सांगतोय. ते आता आम्ही बदलू."

घरी येऊन मी बायकोला सगळं सांगितलं. कोपर, काच, सगळं. तिच्या नाकपुड्या फुगल्या. मला हायसं वाटलं. ही खूण मला ओळखीची आहे.

"म्हणजे माझी जागा तुम्ही वाऱ्यावर सोडलीत."

"वाऱ्यावर नाही. धरूनच ठेवली होती."

"कुणासाठी?"

"तुझ्यासाठी."

"मग मला विचारल्याशिवाय ती दुसरी बसलीच कशी तिथं? आणि माझीच चाल, माझंच खाकरणं. निदान स्वतःचं काहीतरी आणायचं." ती खुर्चीचे हात दाबून उभी राहिली. "माझे बूट काढा. आणि तो निळा स्वेटर."

तेवढ्यात मुलीचा फोन आला. तिला कळल्यावर ती घाबरलीच. "बाबा, आईला असं एकदम नेऊ नका. मी रविवारी येते, मग दोघं मिळून नेऊ."

"रविवारपर्यंत आईचं काहीच शिल्लक राहायचं नाही," बायको माझ्या खांद्यावरून फोनमध्ये म्हणाली. "ठेव आता. बूट घालतेय."

७

सकाळचं ऊन अजून कोवळं होतं. माइक माझ्या उजव्या हातात, दांडीवर. हेडफोन मी असे घातले होते की डावा कान झाकलेला आणि उजवा उघडा. उजव्या कानानं जग ऐकायचं, डाव्यानं माइकचं मत.

फाटकापाशी तिचे पाय अडले. "पायरी," मी म्हणालो. "माहीत आहे," ती म्हणाली, आणि माझं कोपर इतकं घट्ट धरलं की नखं लागली. मग पाऊल टाकलं.

उघड्या कानाला तिची चाल ऐकू येत होती. एक टेकलं, एक घासलं. झाकलेल्या कानातही तीच चाल, पण वेगळ्या वेळी. ही जिथं अडखळे, तिथं ती अडखळत नव्हती.

"येतेय का मी?" बायकोनं विचारलं. झाकलेल्या कानात तो प्रश्न आलाच नाही.

"अजून नाही."

"बोलत राहते मग."

आणि ती बोलत राहिली. फळवाल्यापाशी थांबून तिनं संत्री घेतली. एकेक हातात घेऊन, वास घेऊन, त्याच्याशी भांडून. "बाई, दिसत नाही म्हणता आणि डाग बरोबर शोधता," तो म्हणाला. तिनं डागाळलेलं संत्रं त्याच्याच हातात ठेवलं. पिशवी स्वतः घेतली, डाव्या हातात. उजव्या हातात मी होतो. कालव्याचा रस्ता लागला. ती दमली होती, ओठांवर घाम होता, पण थांबायला तयार नव्हती.

"पुलापर्यंत," ती म्हणाली. "मी पुलापर्यंत जायचे. ती कुठपर्यंत जाते ते तिचं तिनं बघावं."

पुलाच्या अलीकडे, काहीच न घडता, बायको माइकमध्ये आली. आधी पिशवीची कुरकुर, मग श्वास, मग अर्धवट वाक्य, "...आणि तुम्ही जरा हळू." माझ्या डाव्या कानात. लगत. जिथं असायला हवी तिथं.

"आलीस," मी म्हणालो.

"मी कुठं गेले होते? मी इथंच आहे."

मी थांबायला हवं होतं, पण बटण हाताखाली होतं आणि तपासल्याशिवाय पुढं जायची मला सवय नाही. मी माइकची रुंदी वाढवली. डावा कान आणखी डावीकडे उघडला. बायकोच्या पलीकडे, तिच्या आणि कठड्याच्या मध्ये, जिथं आता वीतभरसुद्धा जागा नव्हती, एक पाऊल टेकत होतं आणि एक घासत होतं.

मी काही बोलण्याआधीच तिची पकड बदलली.

"धरलंय तिनं," बायको हलक्या आवाजात म्हणाली. "माझा दंड."

मी पाहिलं. पलीकडे कठडा आणि पाणी. पण निळ्या स्वेटरच्या डाव्या दंडावर लोकर आत दबलेली होती. बोटांएवढ्या खळग्या, शेजारी शेजारी. वारा नव्हता. खळग्या किंचित हलल्या, पकड नीट करावी तशा.

"सोडवू का?" मी विचारलं. कसं सोडवणार होतो, ते विचारू नका.

"नको." तिच्या नाकपुड्या फुगल्या. तिनं चेहरा डावीकडे वळवला, बघणाऱ्या माणसासारखा सरळ. "हे बघ. तुझ्यासारखीच मलाही यांच्या कोपराची सवय आहे. पण इथं मी आहे. यायचंच असेल तर माझ्या पलीकडून ये, माझ्या वेगानं ये. आणि रिकाम्या हातानं येऊ नकोस."

असं म्हणून तिनं संत्र्यांची पिशवी कठड्याच्या बाजूला धरली आणि बोटं सोडली.

पिशवी पडल्यावर संत्री कशी घरंगळतात ते मला माहीत आहे. तो आवाज ऐकायला मी जागच्या जागी उभा राहिलो. डोळे समोर, पुलावर ठेवून. खालून पाणी जात होतं. कुठंतरी सायकलची घंटी वाजली. दुसरं काही ऐकू आलं नाही.

"उभे काय राहिलात?" बायको म्हणाली आणि मला पुढं ओढलं. "चला. तिच्या हातात ओझं आहे."